हक्क ही राज्याची देणगी नव्हे!

हक्क राज्यसंस्थाच देते, असे सांगणाऱ्या पंडितांनी मराठवाड्याचा इतिहास एकदा तपासावा. राज्य नसेल तर माणूस माणसाचा वैरी होतो, असे हॉब्जने १६५१ मध्ये लिहिले. कौटिल्याने त्या अवस्थेला केव्हाच ‘मात्स्यन्याय’ म्हटले होते. परंतु १९४८ साली, आजचा जालना जिल्हा निजामाच्या अमलाखाली असताना, राजा होता, पोलीस होते, न्यायालयेही होती. सभेसाठी ‘गश्ती निशाण ५३’ अन्वये परवानगी लागे. रझाकारांना मात्र मोकळे रान! मात्स्यन्याय राज्याच्या अभावी नव्हे, राज्याच्याच आश्रयाने नांदत होता.

मग प्रतिकार करणाऱ्या रयतेला तो हक्क कोणत्या कायद्याने दिला? कोणत्याही नाही, तो जन्मजात होता. रक्षण न करणारा राजा फुटक्या नावेप्रमाणे त्याज्य, असे शांतिपर्व सांगते. लॉकचाही निष्कर्ष तोच.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आला; प्रश्न मात्र संपला नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने स्थानबद्धांना दाद नाकारली. तो निर्णय रद्द ठरण्यास २०१७ साल उजाडले. राज्यकर्ते स्वकीय झाले म्हणून नागरिकाने पहारा सोडावा काय?