नाडी कुणाच्या हाती?

दिवाळीच्या खरेदीत कपडे, फराळ आणि पणत्यांच्या जोडीला आता एक नवी वस्तू येऊन बसली आहे. हजार-दीड हजार रुपयांत मिळणारे स्मार्टवॉच यवतमाळ, वणी, पुसदच्या मोबाइल दुकानांत ओळीने टांगलेले दिसते आणि पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेली मुले गावाकडच्या आईवडिलांच्या मनगटावर ते हौसेने बांधतात. कानातले इअरबड धरून अशी १३ कोटींहून जास्त उपकरणे २०२३ साली भारताच्या बाजारात उतरली. पुढच्या वर्षी आकडा खाली आला, पण आपली पावले, झोप आणि ठोके मोजून घेण्याची सवय लागायची ती तोवर लागली होती. कथा-कवितांच्या दारात संपादकीयाने असा रुक्ष विषय का मांडावा, असे कुणाला वाटेल. कारण इतकेच की हा विषय वाटतो तितका शहरी नाही आणि नवाही नाही. आमचे म्हणणे थेट सांगतो. शरीराच्या नोंदी पाहून माणसाचे पुढे काय करायचे हे ठरवण्याची ताकद ज्याच्या हाती असते, त्याच्यापासून त्या नोंदींचे रक्षण करायला नुसती ‘संमती’ पुरत नाही. मजुरी, विमा आणि सोयरीक या तीन ठिकाणी तरी काही वापर कायद्याने सरळ बंदच करावे लागतील.

आधी घड्याळ करते काय ते पाहू. ते मनगटावरून काढून उलटे केले की पाठीमागे हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेते. ठोका पडला की कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढते आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. दोन ठोक्यांच्या मधे तो पुन्हा वाढतो. हा चढउतार मोजून नाडीचा आकडा काढतात. पावलांसाठी हालचाल टिपणारी वेगळी चिप असते. हात लयीत हलला की पाऊल पडले, असे ती धरून चालते. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीवर बसलेल्याच्या खात्यातही ती मधूनच पावले जमा करते. पडद्यावर येतो तो शेवटी अंदाज, आणि तो कसा बांधायचा हे कंपनी ठरवते. रोजच्या १०,००० पावलांचा मंत्रही वैद्यकातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानात पावले मोजणारे एक यंत्र विकायला आले, त्याच्या नावातला तो आकडा. सकाळपासून पऱ्हाटीच्या तासांतून कापूस वेचणाऱ्या बाईला तो ऐकवण्यात तसाही अर्थ नाही. घड्याळासारख्याच प्रकाशावर चालणाऱ्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा २०२० साली अमेरिकेत अभ्यास झाला. प्राणवायू खरोखर घसरलेला असताना यंत्राने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट निघाले. सावळ्या कातडीच्या आपल्या मुलखाने हे लक्षात ठेवलेले बरे.

बरोबर असो की चूक, आकडा साठत राहतो; घड्याळातून फोनमध्ये, फोनमधून कंपनीच्या सर्व्हरवर. एका दिवसाच्या नाडीत कुणाला रस नसतो. पण सहा महिन्यांची रांग लागली की ती बोलू लागते. गरोदरपणात विश्रांतीच्या वेळचे ठोके वाढतात, दारू प्यायलेल्या रात्रीही वाढतात, आणि झोप मोडत राहिली तर मन ठिकाणावर नसल्याची शंका घेता येते. हे साठे फुटतातही. इअरबड-घड्याळे विकणाऱ्या ‘बोट’ (boAt) कंपनीच्या सुमारे ७५ लाख ग्राहकांचे नाव-पत्ते एप्रिल २०२४ मध्ये बाहेर पडले. त्याच वर्षी स्टार हेल्थ विमा कंपनीच्या तीन कोटींहून अधिक ग्राहकांची माहिती आपल्याकडे असल्याचा दावा करून एकाने ती टेलिग्रामवर खुली केली. मात्र आमची खरी चिंता चोरीची नाही. चोरी हा गुन्हा आहे हे सगळ्यांनाच मान्य असते. अवघड असतो तो रीतसर, सही घेऊन, कार्यालयीन वेळेत होणारा वापर.

त्याचा नमुना यवतमाळपासून दीडशे किलोमीटरवर, नागपुरात आहे. तिथल्या महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. प्रत्येकाची बीट नकाशावर आखलेली. कामगार हद्दीत आहे की नाही ते घड्याळ सांगणार आणि त्यावरून हजेरी व पगार ठरणार. चंडीगड आणि पंचकुलातही हाच प्रयोग झाला, आणि तिथल्या कामगारांनी रस्त्यावर उतरून विरोध केला. दिवसभर आपल्यावर कुणाची तरी नजर आहे, ही महिला कामगारांची तक्रार विशेष होती. महापालिकांची बाजू अगदीच पोकळ नाही. बोगस हजेरी हे खरे दुखणे आहे. झाडू एकाच्या हातात आणि पगार दुसऱ्याच्या खिशात, हे प्रकार घडतात आणि पैसा करदात्याचा असतो. पण हजेरी म्हणजे माणूस कामावर आला-गेल्याची नोंद. त्यासाठी आठ तासांतला प्रत्येक मिनिट पाहण्याची गरज नसते. शिवाय बोगस हजेरी एकट्या झाडूवाल्याच्या बळावर लागत नाही. ती लावणाऱ्याच्या, तपासणाऱ्याच्या आणि बिल मंजूर करणाऱ्याच्या मनगटावर मात्र काहीच बांधलेले नसते! अशी घड्याळे जागा सांगतात. त्यांच्यात नाडीचा हिरवा दिवा बसवायला फारसा खर्च येणार नाही. मग दुपारच्या उन्हात कोण दमतो, कुणाचे वय झाले, कुणाला दिवस गेले, हे कंत्राटदाराला कामगाराच्या घरच्यांआधी कळेल.

‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची?’ हा प्रश्न ठरलेला असतो. त्याच्याच जोडीला दुसरे वाक्य येते, की खासगीपण ही पोट भरलेल्यांची चैन आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे हा युक्तिवाद झाला होता. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात न्यायालयाने तो नाकारला आणि खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. अनुभवही तेच सांगतो. बागाईतदाराला रक्तदाब असल्याचे गावाला कळले तर फार तर चार लोक त्याला मीठ कमी खा म्हणतील. रोजंदारीवरच्या माणसाबद्दल कळले तर उद्याच्या मजुरीला दुसऱ्याला बोलावले जाईल. एकाच माहितीची किंमत दोघांना सारखी पडत नाही.

खरा वजनदार आक्षेप आपल्याच जिल्ह्यातून येतो, आणि तोही त्याच २०१७ च्या हंगामातला. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती, दमट हवा होती, जास्त दाबाने फवारणारे चायना पंप आले होते आणि दोन-तीन कीटकनाशके एकत्र करून मारली जात होती. फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक शरीरात गेले की रक्तातल्या कोलिनेस्टरेज या विकराचे काम मंदावते. साध्या रक्तचाचणीत ते कळते, कित्येकदा माणूस कोसळण्याच्या आधी कळते. जिथे हे रुग्ण रांगेने येत होते त्या यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तेव्हा या चाचणीची सोय नव्हती. तेव्हा कुणी म्हणेल की इथल्या कष्टकऱ्याचे शरीर फार मोजले गेले हे दुःखच नाही. ते कधी मोजलेच गेले नाही, हे आहे. आम्हाला हे पूर्ण मान्य आहे. आमचा मुद्दा इथेच पक्का होतो. कॅलिफोर्नियात १९७४ पासून नियम आहे, की अशी कीटकनाशके नियमित हाताळणाऱ्या मजुराची कोलिनेस्टरेज चाचणी मालकाने स्वतःच्या खर्चाने करायची. पातळी त्याच्या मूळ पातळीच्या ठरावीक टक्क्यांखाली गेली की त्याला फवारणीपासून दूर ठेवायचे आणि ती सावरेपर्यंत पुन्हा पाठवायचे नाही. मोजमाप तिथेही मालकाच्या पैशाने होते आणि आकडा मालकालाही कळतो. फरक एवढाच, की त्या आकड्याचे काय करायचे हे मालकाच्या मर्जीवर सोडलेले नाही.

दुसरी गोष्ट पुढे घडली. सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळच्या ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली. दोन विधवा आणि बचावलेला एक शेतकरी यांनी बाझेलच्या न्यायव्यवस्थेकडेही दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली. या प्रकरणाचा मोठा आधार होता पोलिसांच्या कागदपत्रांतली यादी : तिच्यात ९६ विषबाधांचा संबंध कंपनीच्या ‘पोलो’ या उत्पादनाशी जोडलेला होता. कोणत्या दिवशी, कोणत्या औषधाने, कोणती लक्षणे, हे ज्या कागदावर लिहिले गेले तोच कामी आला. म्हणून खासगीपण म्हणजे नोंदी जाळणे, हा समज टाकून द्यावा. आपल्या शरीराची नोंद आपल्या हातात, आपल्याला वाचता येईल अशा भाषेत असणे हा त्याच हक्काचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि गरिबाला बहुधा तोच आधी लागतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधने लागू व्हायला त्यांनी १८ महिन्यांची मुदत दिली. २०११ च्या जुन्या नियमांत आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढलेली होती. नव्या कायद्यात तशी वर्गवारीच नाही, तुमची नाडी आणि तुमचा पिनकोड एकाच पंगतीत बसतात. त्यातही कलम ७ मध्ये संमती न घेता माहिती वापरण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत ‘नोकरीच्या कारणासाठी’ हे एक आहे. जिथे संमती सर्वांत दुबळी असते, तिथे कायद्याने तिची गरजच काढून टाकली. नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झालेल्या श्रम संहितांत कामगारांच्या वार्षिक मोफत आरोग्य तपासणीची तरतूद आहे. तरतूद स्वागतार्ह, पण तिचा अहवाल कामगाराच्या हातात जातो की आधी मालकाच्या टेबलावर, यावर तिची किंमत ठरेल.

वापरच बंद करणे अव्यवहार्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा वाचावा. नोकरीची अट म्हणून एचआयव्ही चाचणी मागता येत नाही आणि बाधित आहे एवढ्यावरून कामावरून काढता येत नाही. ‘त्याने सही केली होती’ ही सबब मालकाला उरत नाही. हाच न्याय सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराला लावायला हवा, आणि इथे प्रश्न आपल्या दारातला आहे. गोंड, कोलाम, परधान वस्त्यांत हा आजार आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करून रंगांनी ओळखू येणारी कार्डे देण्याचे ठरले. त्यामागचा हेतू योग्य आहे. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, पण दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्नाआधी दोघांना हे कळायलाच हवे. दोघांना, संबंध गावाला नव्हे. कार्डाचा रंग आश्रमशाळेच्या यादीत किंवा ठेकेदाराच्या वहीत उतरला की वाहक आणि रुग्ण यांतला फरक पुसला जातो, आणि सोयरीक मोडते तेव्हा बोट बहुधा मुलीकडेच वळते. अमेरिकेत १९७० च्या दशकात नेमके हेच झाले. तपासणीची लाट आली आणि नुसत्या वाहकांनाही नोकऱ्या व विमा नाकारला गेला. तिथल्या हवाई दल अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. तपासणी चुकीची नव्हती. तिच्या आधी वापराची बंदी आली नाही, ही चूक होती.

विम्याचे थोडक्यात. रोज चालणाऱ्याला हप्त्यात सवलत, ही योजना ऐकायला निर्मळ वाटते आणि ती ऐच्छिकही असते. पण चालणाऱ्याला सूट म्हणजे न चालू शकणाऱ्याला भुर्दंड, आणि घड्याळ न बांधणारा आपोआप संशयित. सवलत ऐच्छिक राहते ती सगळ्यांनी ती घेईपर्यंतच. घड्याळाने अनेकांच्या हृदयाची अनियमित धडधड वेळेवर पकडून दिली आहे, हे निर्विवाद. पण ती बातमी डॉक्टरकडे गेल्याने जीव वाचतो, विमा कंपनीकडे गेल्याने नाही.

केंद्राचा कायदा बदलेपर्यंत थांबायचे कारण नाही. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, सार्वजनिक आरोग्य तर राज्यांचेच. महाराष्ट्राला आजही करता येण्यासारखे पुष्कळ आहे. नगरपालिका-महापालिकांच्या निविदांत अट घालावी, की मनगटावरचे यंत्र कामाच्या वेळेनंतर बंद राहील, नाडी-झोपेची नोंद घेणार नाही आणि केवळ त्याच्या नोंदीवरून पगार कापला जाणार नाही. सिकलसेलचा निकाल नोकरी किंवा प्रवेशासाठी मागणे दंडनीय करावे. फवारणीच्या हंगामात प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कोलिनेस्टरेज चाचणी मिळावी आणि तिचा कागद मजुराला मराठीत मिळावा. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपुरात भरते. यवतमाळ जिल्ह्यातून सात आमदार तिथे जातात. त्यांच्यापैकी जे मंत्री नाहीत त्यांतल्या कुणालाही अशासकीय विधेयक मांडता येते, आणि या मसुद्याला दोन पाने पुरतील.