अक्कलदाढ काढल्यावर उपाशी राहू नका

मीरा रोडच्या पूनम सागर परिसरातून रोज लोकल गाठणारे अनेक नोकरदार अक्कलदाढ काढायला शनिवार निवडतात. शनिवारी दाढ काढायची, रविवारी आराम आणि सोमवारी कामावर, असे गणित असते. पण शरीराचे गणित निराळे आहे. खालची, हाडात आडवी अडकलेली दाढ काढल्यावर सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, म्हणजे नेमकी सोमवारी. त्या दिवशी तोंड नीट उघडत नाही, पोळीचा घास चावत नाही आणि डबा तसाच घरी परत येतो.

खरी अडचण पुढे सुरू होते. डॉक्टरांच्या सूचना रुग्ण गालात कापसाचा बोळा धरून, बधिर जबड्याने ऐकतो. घरी पोहोचेपर्यंत त्यातले निम्मे विसरलेले असते. मग घरातल्या समजुती पुढे येतात. भाताने टाके पिकतात, डाळीने पू होतो, दह्या-केळ्याने सर्दी होते. एकेक पदार्थ वगळता वगळता ताटात चहा-बिस्कीट आणि आइस्क्रीम एवढेच उरते. भाताने किंवा डाळीने टाके पिकत नाहीत. जखम चिघळते ती जंतूंमुळे. उलट, जखम भरायला प्रथिने लागतात आणि ती डाळ, दूध, दही, अंडी यांतूनच मिळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ६० किलोच्या माणसाला ती सुमारे ५० ग्रॅम होतात. चहा-बिस्किटावर हा आकडा गाठता येत नाही.

दाढ निघाल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी जमते. ही गुठळी म्हणजे निसर्गाने घातलेली पट्टी. तिच्याखाली हाड आणि नसांची टोके झाकलेली राहतात आणि तिच्यातूनच नवे मांस भरते. गुठळी निसटली किंवा लवकर विरघळली तर हाड उघडे पडते. दोन-तीन दिवसांनी कमी व्हायला हवे असलेले दुखणे अचानक वाढते, कानापर्यंत ठणका जातो, तोंडाला दुर्गंधी येते. याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत त्याचा धोका इतर दातांपेक्षा जास्त असतो. अशा वेळी घरी गोळ्या वाढवत बसू नये. दंतवैद्य खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी ठेवतात आणि आराम पडतो.

म्हणून पहिल्या दिवशीचे पथ्य गुठळी जपण्यासाठी असते. बधिरता उतरेपर्यंत चावून काही खाऊ नये, नाहीतर ओठ किंवा गाल चावला तरी कळत नाही. पदार्थ थंड किंवा कोमट असावेत. जोराने चूळ भरणे, थुंकणे आणि स्ट्रॉने पिणे टाळावे. ताक, दूध, नाचणीचे सत्त्व, भाताची पेज, गाळलेले डाळीचे पाणी हे सगळे चालते. २४ तासांनंतर खाणे झाल्यावर मिठाच्या कोमट पाण्याने हलकेच चूळ भरावी. दुसऱ्या दिवसापासून गुरगुट्या भात आणि मुगाचे वरण, मऊ खिचडी, दहीभात, सांजा, कुस्करलेले केळे, अंड्याची मऊ भुर्जी किंवा काटे काढलेला मासा दुसऱ्या बाजूने खावा. चिवडा, पापड, शेंगदाणे, तीळ, राजगिऱ्याच्या लाह्या आणि तिखटजाळ रस्सा आठवडाभर दूर ठेवावा. बारीक दाणे खड्ड्यात अडकतात. उपवास किंवा रोजे असतील आणि दुखणे फार नसेल, तर तारीख आधीच दंतवैद्याशी बोलून ठरवावी.

उपाशी राहण्याचा फटका दोन गटांना जास्त बसतो. पहिला मधुमेहींचा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या नेहमीप्रमाणे घेतल्या आणि जेवण टळले, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ ही त्याची लक्षणे. म्हणून त्या दिवसांचे औषध किती घ्यायचे, हे दाढ काढण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. दुसरा गट रिकाम्या पोटी दुखण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी जठराला इजा होते आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना त्या विचारल्याशिवाय घेता येत नाहीत.

तंबाखूचा विषय टाळता येत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो मिळतोच. घरोघरी मिश्रीही लावली जाते. दाढ दुखते म्हणून मिश्री दाबणारे आणि दाढ काढल्यावर संध्याकाळी बिडी ओढणारे रुग्ण सर्रास दिसतात. धूम्रपानाने ड्राय सॉकेटचा धोका वाढतो. सुपारी-गुटख्याने तोंड आधीच कमी उघडत असेल, तर दाढ काढणे आणि नंतरचे खाणे, दोन्ही अवघड होते. किमान आठवडाभर तंबाखू पूर्ण बंद हवी. तोच आठवडा कायमचा सोडण्याची सुरुवात ठरला तर उत्तमच.

सूज हनुवटीखाली, गळ्यापर्यंत उतरली, ताप चढला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जावे. तिथे उशीर जिवावर बेतू शकतो.

हे सारे टाळणे अवघड नाही. दवाखान्यांनी दाढ काढण्यापूर्वीच एक छापील पान द्यावे, मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दूत. ते केवळ रुग्णाला न देता, त्याच्यासोबत आलेल्या आणि घरी त्याचे जेवण करणाऱ्या माणसाच्या हाती द्यावे. पालिकेच्या दंत बाह्यरुग्ण विभागांनी ही सुरुवात करावी. कारखाने-कार्यालयांनीही अवघड दाढ निघालेल्या माणसाला दोन-तीन दिवसांची रजा द्यावी. आणि घरच्यांनी शनिवारी रात्रीच थोडे मुगाचे वरण लावून ठेवावे. रविवारचा दिवस त्यानेच सुसह्य होतो.