रुग्णाचे गुपित आणि शासनाचा नवा कायदा

चिकित्सा करताना जे कानावर पडते ते चिकित्सेपुरतेच वापरावे, अन्यत्र बोलू नये, हा दंडक आपल्या शास्त्राला नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला दीक्षा देताना जे आचारनियम सांगितले आहेत, त्यांत रुग्णाच्या घरी पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टी बाहेर उघड करू नयेत, असा स्पष्ट आदेश आहे. या आदेशाचे पालन आजवर मुख्यतः वैद्याच्या विवेकावर सोपविलेले होते. आता शासनाने त्याला कायद्याचे रूप दिले आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला, त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील प्रमुख बंधने लागू होण्यासाठी त्या वेळी अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची, मुदत देण्यात आली.

हा कायदा मोठ्या संगणक कंपन्यांसाठी आहे, आपल्या लहानशा चिकित्सालयाचा वा औषधी दुकानाचा त्याच्याशी काय संबंध, अशी समजूत व्यवसायबंधूंमध्ये आढळते. याउलट, ज्यांनी त्यातील दंडाचे आकडे वाचले आहेत ते म्हणतात की, संघटनेने वैद्यांना या कायद्यातून सर्वस्वी वगळण्याची मागणी लावून धरावी. प्रस्तुत लेखकास या दोन्ही भूमिका मान्य नाहीत. पहिली वस्तुस्थितीला धरून नाही आणि दुसरी आपल्या व्यवसायाच्या प्रतिष्ठेला शोभणारी नाही. आपण सवलत अवश्य मागावी. परंतु ती कागदपत्रांत मागावी, गोपनीयतेत मागू नये.

कायदा आपल्याला लागू होतो काय?

या कायद्याची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्याच वर्षी नेमलेल्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये अहवाल व विधेयकाचा मसुदा सादर केला. २०१९ साली संसदेत आलेले विधेयक संयुक्त समितीकडे गेले, ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले, आणि अखेर पुष्कळसे आटोपशीर होऊन २०२३ साली संमत झाले.

कायदा केवळ डिजिटल स्वरूपातील माहितीला लागू आहे. वहीत हाताने लिहिलेला केसपेपर जोवर कपाटात आहे तोवर तो या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. त्याचे मोबाईलवर छायाचित्र काढले, किंवा त्यातील नोंद संगणकात भरली, की तो कक्षेत येतो. व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कामासाठी केलेल्या वापराला सूट आहे. व्यवसायासाठी केलेल्या वापराला नाही. आता आपल्या दिनक्रमाकडे पाहावे. रुग्ण जिभेचे व त्वचेचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवितो. रक्त तपासणीचे अहवाल त्याच मार्गाने येतात. बिले संगणकावर होतात, औषधे कुरिअरने जातात, आणि दुकानातील ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक सणासुदीच्या सवलतींचे संदेश धाडण्यासाठी जपून ठेवलेले असतात. हे सारे कायद्याच्या भाषेत ‘प्रक्रिया’ या एका शब्दात बसते, आणि ती करणारा, मग तो एकटा वैद्य का असेना, रुग्णाच्या माहितीचा विश्वस्त ठरतो.

‘विश्वस्त’ ही कल्पना लक्षात घेण्याजोगी आहे. विश्वस्ताच्या हाती असलेली वस्तू त्याची नसते. ती ज्या कारणासाठी सोपविली त्याच कारणासाठी वापरायची असते. कायद्याने स्वतःच दिलेली दोन उदाहरणे आपल्याच क्षेत्रातील आहेत. पहिले औषधी दुकानाचे: ग्राहकाने पैसे दिल्याची पावती मोबाईलवर मागितली आणि त्यासाठी स्वेच्छेने क्रमांक दिला, तर दुकानदाराने तो पावती पाठविण्यासाठी वापरावा. दुसरे दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपचे: ॲपने सल्ल्यासाठी लागणाऱ्या माहितीबरोबर मोबाईलमधील संपर्कयादीही मागितली आणि व्यक्तीने दोन्हींस होकार दिला, तरी तो होकार सल्ल्यास आवश्यक असलेल्या माहितीपुरताच मानला जाईल, संपर्कयादीचा सल्ल्याशी संबंध नाही. ही दोन उदाहरणे नीट वाचली तर अर्ध्याअधिक शंका फिटतात. रुग्णाने उपचारासाठी आपण होऊन दिलेली माहिती त्याच उपचारासाठी वापरण्यास प्रत्येक वेळी स्वतंत्र अर्ज भरून घ्यावा लागत नाही. मात्र तीच माहिती जाहिरातीसाठी वापरायची, तर स्पष्ट व स्वेच्छेची संमती हवी, आणि ती जितक्या सहजतेने दिली तितक्याच सहजतेने मागे घेता आली पाहिजे.

आपल्याकडे काय चालते?

येथे थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. किटिभ वा श्वित्राच्या रुग्णाची ‘उपचारापूर्वी’ व ‘उपचारानंतर’ अशी छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्याची प्रथा आपल्या व्यवसायात फोफावली आहे. कित्येकदा चेहरा झाकलेला असतो, पण गाव, वय, व्यवसाय आणि आडनावाचे आद्याक्षर तेथेच दिलेले असते. तालुक्याच्या ठिकाणी माणूस ओळखण्यास एवढे पुरेसे आहे. वैद्यांच्या गटांवर ज्येष्ठांचा सल्ला मागताना वंध्यत्वाचा, क्लैब्याचा किंवा मानस विकाराचा संपूर्ण इतिहास रुग्णाच्या नावानिशी टाकला जातो. त्या गटातील शेदीडशे जणांत रुग्णाचा व्याही नसेल, याची शाश्वती कोण देणार? सल्ला मागण्यात काहीच गैर नाही. ती आपली जुनी व उपकारक परंपरा आहे. प्रकृती, दोष, दूष्य, बल आणि काल सांगण्यास रुग्णाचे नाव मात्र लागत नाही.

शोधनिबंध व रुग्णवृत्तांत लिहिणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. संशोधनासाठी व सांख्यिकीसाठी होणाऱ्या वापरास कायद्यात सूट आहे, पण ती सशर्त आहे. त्या माहितीच्या आधारे संबंधित व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाऊ नये आणि नियमांत घालून दिलेली मानके पाळली जावीत, अशा त्या अटी आहेत. वृत्तांत छापण्यापूर्वी रुग्णाची लेखी संमती घेणे हा सरळ मार्ग सर्वांनीच पत्करावा.

गोपनीयता निरपेक्ष नसते, हेही खरे. १९९८ साली ‘श्री. क्ष विरुद्ध रुग्णालय झेड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात एचआयव्हीबाधित रुग्णाची स्थिती उघड झाल्यामुळे त्याचा ठरलेला विवाह मोडला. नियोजित वधूच्या जीविताचा प्रश्न असल्याने ते उघड करणे सर्वोच्च न्यायालयाने समर्थनीय ठरविले. परंतु दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी गुपित सांगणे निराळे आणि आपल्या चिकित्सालयाची कीर्ती वाढविण्यासाठी सांगणे निराळे.

कायदा कोठे उणा पडतो?

एवढे मान्य केल्यावर कायद्याच्या उणिवांविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला उरतो, आणि त्या उणिवा लहान नाहीत.

पहिली उणीव अशी की, आरोग्यविषयक माहितीला या कायद्याने वेगळे स्थान दिलेले नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० खाली २०११ साली जे नियम झाले, त्यांत शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती तसेच वैद्यकीय नोंदी यांचा ‘संवेदनशील’ माहितीत स्पष्ट उल्लेख होता. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यातही आरोग्याची माहिती विशेष वर्गात मोडते. आपल्या नव्या कायद्यात मात्र भगंदराच्या रुग्णाचा केसपेपर आणि चपला मागविणाऱ्या ग्राहकाचा पत्ता एकाच पंक्तीला बसले आहेत.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ज्या रुग्णाचे गुपित फुटले त्याला या कायद्याखाली भरपाई मिळत नाही. सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण ती रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ४३अ मध्ये बाधित व्यक्तीस नुकसानभरपाई देण्याची सोय होती. ते कलम वगळण्याची तरतूद नव्या कायद्यात आहे. ग्राहक आयोगाचा मार्ग तेवढा उरतो, कारण ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती उघड करणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. परंतु ज्याचे लग्न मोडले वा नोकरी गेली, त्याला शासनाच्या तिजोरीत भर पडल्याचे काय समाधान?

तिसरी उणीव शासनाच्या स्वतःच्या बाबतीतील आहे. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी केंद्र शासन आपल्या कोणत्याही यंत्रणेस अधिसूचना काढून या कायद्यातून संपूर्ण सूट देऊ शकते. सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय स्तरावर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधून प्रत्येक नागरिकास चौदा अंकी आरोग्य क्रमांक देऊन त्याच्या नोंदी परस्परांशी जोडण्याचे काम चालू आहे. मोठ्या संस्थाही अभेद्य नसतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हा तेथील कामकाज कित्येक दिवस हाताने करावे लागले होते. जो नियम वैद्याला, तो शासनालाही असावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

चौथी उणीव आपल्या नित्याच्या अडचणीची. माहिती सांकेतिक स्वरूपात साठविणे, ती कोणी कधी पाहिली याची नोंद वर्षभर जपणे, माहिती फुटल्यास बाधित व्यक्तीला व मंडळाला अविलंब कळविणे आणि ७२ तासांत मंडळाकडे सविस्तर निवेदन देणे, ही कर्तव्ये कोट्यवधी ग्राहकांच्या कंपनीला व एका कंपाउंडरच्या चिकित्सालयाला सारखीच आहेत. २५० कोटी ही दंडाची कमाल मर्यादा आहे आणि दंड ठरविताना चुकीचे स्वरूप व गांभीर्य पाहावे, असे कायदा सांगतो, हे खरे. तरीही खेड्यातील वैद्य या तांत्रिक भाषेने गोंधळून जाईल किंवा ती विकणाऱ्या सल्लागारांच्या हाती सापडेल, ही भीती अनाठायी नाही.

मागणी काय असावी?

या चौथ्या अडचणीवरचा उपाय कायद्यातच आहे. कलम १७, पोटकलम ३ अन्वये केंद्र शासन माहितीचे प्रमाण व स्वरूप पाहून ठरावीक वर्गातील विश्वस्तांना काही कर्तव्यांतून सूट देऊ शकते. त्यांत विस्तृत पूर्वसूचना देणे, माहिती ठरावीक काळानंतर पुसणे, व्यक्तीस तिच्या माहितीचा गोषवारा पुरविणे अशा गोष्टी येतात. माहिती सुरक्षित ठेवणे आणि ती फुटल्यास कळविणे या दोन कर्तव्यांना ही सूट लागू होत नाही, आणि तेच योग्य आहे. संघटनेने लहान चिकित्सालये व औषधी दुकाने यांच्यासाठी ही सूट मागावी. त्याच निवेदनात आरोग्यविषयक माहितीस वेगळे संरक्षण आणि बाधित रुग्णास भरपाई या दोन मागण्याही असाव्यात. या दोन्ही मागण्यांचा भार वैद्यावरच पडणार, अशी शंका कोणी घेईल. भार पडेल हे मान्य. परंतु रुग्णाच्या हिताची मागणी करीत नाही, त्या संघटनेने स्वतःसाठी मागितलेली सवलत शासन कोणत्या कानाने ऐकेल? सूट मिळाली तरी रुग्णाने स्वतःचा केसपेपर मागितल्यास तो नाकारू नये, हेही आपणच ठरवावे.

दरम्यान काही गोष्टी कोणत्याही अधिसूचनेवाचून करता येतील. चिकित्सालयाचा मोबाईल घरच्या मोबाईलपासून वेगळा ठेवावा व त्यास कुलूपक्रमांक असावा. संगणकाचा पासवर्ड मदतनिसांनी आपापला वापरावा. तो भिंतीवर चिकटवू नये. गटावर चर्चा करताना नाव, गाव व चेहरा वगळावा. कुरिअरच्या खोक्यावर व्याधीचे नाव लिहू नये. सवलतींचे संदेश ज्याला नको असतील त्याचे नाव यादीतून त्याच दिवशी काढावे. आणि समाजमाध्यमांवर पूर्वी टाकलेली रुग्णांची छायाचित्रे, ज्यांची संमती हाती नाही, ती आजच उतरवावीत.

तंत्रज्ञान बदलेल, त्याबरोबर कायदेही बदलतील. परंतु रुग्ण आपल्यासमोर बसून जे सांगतो, ते तो घरच्यांनाही सांगत नाही. हे त्याचे सांगणे थांबले तर निदान थांबेल, आणि निदान थांबले तर आपल्या शास्त्राजवळ उरेल काय? संघटनेच्या येत्या वार्षिक सभेत या विषयावर ठराव यावा व लहान व्यावसायिकांसाठी सोप्या मराठीतील एक आदर्श संमतिपत्र तयार करण्याचे काम त्याच सभेत एखाद्या समितीकडे सोपवावे, अशी सर्व सभासदांस विनंती आहे.