टीव्हीवर खेळ फार की थोडा?

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहा येतो आणि चहापाठोपाठ वादही येतो. मागच्या महिन्यात विषय निघाला टीव्हीवरच्या खेळांचा. गणिताचे सर वैतागून म्हणाले, "पूर्वी क्रिकेटचा हंगाम असायचा. आता ते बारमाही पीक झालंय. पोरांनी गृहपाठ करायचा कधी?" पी.टी.चे सर उसळले, "खेळ फार दाखवतात असं म्हणू नका. क्रिकेट फार दाखवतात. बाकीचे खेळ दाखवतातच कुठं?" उर्दूच्या आपा इतका वेळ गप्प होत्या. कप खाली ठेवत म्हणाल्या, "फार काय आणि थोडं काय! आमच्या हातात रिमोट येतो तो टीव्ही बंद करायच्या वेळेला."

सगळे हसले, घंटा झाली आणि वाद तसाच राहिला. वाचकहो, हसणाऱ्यांत आम्हीही होतो. पण आपांचं वाक्य आमच्या घरालाही लागू पडतं, हे तेव्हा बोलून दाखवलं नाही. ते आज इथं सांगायचं आहे. त्याआधी दोन्ही सरांची बाजू ऐकून घेऊ, कारण दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

गणिताच्या सरांचं म्हणणं आकड्यांतच मांडलेलं बरं. २००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा ५९ सामने ठरले होते. २०२२ पासून संघ दहा झाले आणि सामने ७४. एक सामना साडेतीन तासांचा धरला तरी २५९ तास होतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या मुलाला वर्षाला १००० तास अध्यापन मिळायला हवं. म्हणजे जो मुलगा ही एक स्पर्धा पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत पाहतो, तो वर्षाच्या शाळेचा चौथा हिस्सा दोन महिन्यांत टीव्हीसमोर घालवतो. विश्वचषक, आशिया चषक आणि कसोटी मालिका यात धरलेल्या नाहीत.

एवढं दाखवतात ते का? पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क २०२२ च्या लिलावात ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. टीव्ही आणि इंटरनेट मिळून हा आकडा आहे. ४१० सामन्यांवर तो वाटला तर एका सामन्याला ११८ कोटी पडतात. ज्याने एवढा पैसा ओतला तो वसूल करणारच. म्हणून षटक संपलं की जाहिरात, विकेट पडली की जाहिरात. आपल्याला वाटतं आपण सामना पाहतोय, पण दुकानदाराच्या लेखी आपण गिऱ्हाईक आहोत.

आमचे अब्बा वेगळ्या जमान्यातले. त्यांचा जीव हॉकीवर. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचं सुवर्णपदक जिंकलं. त्या संघातल्या जफर इकबाल आणि मोहम्मद शाहिद यांची नावं ते अशी घेत, जणू मोहल्ल्यातलीच पोरं. शाहिद चेंडू घेऊन निघाला की कसा निघायचा, हे ते काठी हातात धरून दाखवत. १९८३ च्या विश्वचषकात कपिल देवने झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा केल्या, भारताचे पाच गडी १७ धावांत बाद झालेले असताना! त्या खेळीचं चित्रीकरणच झालेलं नाही. मैदानात जे हजर होते त्यांनीच ती पाहिली. तरी अब्बा ती आम्हाला इतक्या वेळा ऐकवायचे की आमच्या डोळ्यांपुढे ती आजही दिसते. आज गल्लीतला प्रत्येक फटका मोबाइलवर चित्रित होतो आणि आठवड्यात विसरला जातो.

मग जुनं तेच चांगलं का? तसंही नाही. तेव्हा एकच दूरदर्शन होतं. ते दाखवील ते बघायचं, अँटेना फिरवत छतावरून "आलं का?" ओरडायचं, आणि ऐन वेळी प्रक्षेपण तुटलं तर गप्प बसायचं. १९९३ च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यावर एकट्या सरकारची मक्तेदारी चालणार नाही. पुढे २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शनलाही देणं खासगी वाहिन्यांना बंधनकारक झालं. ज्या घरात दरमहा पैसे भरून चॅनेल घेणं परवडत नाही, त्या घरातला पोरगाही आज भारताचा विश्वचषकाचा सामना पाहू शकतो तो या कायद्यामुळे. खेळ टीव्हीवर दिसणं ही गरिबाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. स्टेडियमचं तिकीट त्याच्या नशिबात नसतं.

आता पी.टी.च्या सरांची बाजू. २०१४ साली कबड्डीची लीग टीव्हीवर आली. मातीतला खेळ मॅटवर गेला, तीस सेकंदांच्या चढाईवर घड्याळ लागलं, आणि बघता बघता आमच्या वर्गातली पोरं चढाईपटूंची नावं घेऊ लागली. कबड्डी आपल्या गावागावांत आधीपासून होतीच. ती खेळणाऱ्या पोराला मान मात्र टीव्हीने दिला. उलट उदाहरणही आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे. आम्ही नववीच्या वर्गात विचारलं, तर साठ मुलांत चार हात वर आले. बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने २०२३ च्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं. ती शर्यत साडेआठ मिनिटांच्या आत संपली. क्रिकेटच्या एका सामन्यातल्या जाहिरातींचा वेळ यापेक्षा किती तरी जास्त असतो. पण ती साडेआठ मिनिटं किती घरांत पाहिली गेली?

आणखी एक गोष्ट आमच्या शाळेतली आहे. दोन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाची अम्मी शाळेत आली. बिचारी साड्यांना फॉल-बिडिंग करून घर चालवते. मुलाने तिच्या मोबाइलवरून, सामन्याआधी संघ निवडून पैसे लावायच्या खेळात चार हजार रुपये घालवले होते. एका वेळी ४९ रुपये, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही त्याला विचारलं, "बेटा, हा जुगार आहे हे तुला माहीत नव्हतं?" तो म्हणाला, "सर, टीव्हीवर तर मोठे मोठे खेळाडू सांगतात खेळा म्हणून. जुगार असता तर दाखवला असता का?" आम्हाला उत्तर सुचलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, ते उत्तमच झालं. पण त्या माउलीचे चार हजार परत आले नाहीत.

इथवर सगळं दुसऱ्यांबद्दल झालं. आता आमच्या घरी या.

आमच्या घरी एकच टीव्ही आहे, बैठकीच्या खोलीत. गेल्या रमजानमध्ये, ९ मार्चला, दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना होता. मगरिबच्या अजानला रोजा सोडला तो टीव्हीचा आवाज बंद करून, पण चित्र चालू ठेवून. तरावीहला आम्ही आणि आमचे भाईजान उशिरा पोचलो. मशिदीच्या फाटकापाशी चार पोरं मोबाइलभोवती गोळा झाली होती. त्यांना रागवण्याऐवजी आम्हीच विचारलं, "किती राहिले?" अल्लाह माफ करो.

पुढे २ नोव्हेंबरला नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. पावसामुळे तो दोन तास उशिरा सुरू झाला. आमची मुलगी नववीत आहे, तिच्या शाळेच्या संघातून खो-खो खेळते. ती दुपारपासून टीव्हीसमोर होती. सांगलीची स्मृती मानधना, मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज, सगळ्यांची सगळी माहिती तिला पाठ. भाईजान त्या दिवशी आमच्याकडेच होते. त्यांना ते रुचलं नाही. "मुलींचे सामने काय बघायचे? आणि ते कपडे..." असं काहीसं म्हणाले. साडेदहा वाजले होते. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार अजून खेळत होती आणि सामना कुठेही झुकू शकत होता. आम्ही रिमोट उचलला आणि म्हणालो, "फार रात्र झाली. झोपा आता."

मुलगी काही बोलली नाही. अंथरुणावर पडून म्हणाली, "अब्बा, रमजान में कौन सोया था?"

सकाळी पेपरात तिने वाचलं. दीप्ती शर्माचे पाच बळी, हरमनप्रीतने मागे धावत घेतलेला शेवटचा झेल, ५२ धावांनी विजय. भारताच्या महिलांनी पहिल्यांदा जिंकलेला तो विश्वचषक आमच्या घरात कुणीच पाहिला नव्हता.

लिबासाचा आणि हयाचा प्रश्न खोटा आहे असं आम्ही म्हणत नाही. प्रत्येक घराने त्याचा विचार करावा. पण आयपीएलमध्ये चौकार लागला की सीमारेषेबाहेर नाच व्हायचा. तो आम्ही आणि भाईजानांनी वर्षानुवर्षं एकाच सोफ्यावर बसून पाहिला. तेव्हा हा प्रश्न आम्हाला आठवला नाही. मुलगी पाहायला बसली तेव्हा मात्र लगेच आठवला.

सहीह बुखारीत हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग आहे. ईदच्या दिवशी मस्जिद-ए-नबवीत हबशी लोक ढाल आणि भाल्यांचा खेळ करत होते. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांना तो पाहू दिला. त्यांचं मन भरेपर्यंत ते स्वतः आडोसा करून उभे राहिले. पुरे झालं का असं विचारलं आणि त्यांनी हो म्हटल्यावरच जायला सांगितलं. हा प्रसंग आम्ही वर्गात किती तरी वेळा शिकवला आहे. घरी मात्र आम्ही रिमोट उचलण्याआधी "पुरे झालं का?" असं विचारलं नाही.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी फ्रिजवर, विजेच्या बिलाखाली, एक कागद सापडला. जिल्हास्तरीय शालेय खो-खो स्पर्धेचं पालकांचं संमतिपत्र. ते तिने पंधरा दिवसांपूर्वी आणून दिलं होतं. "बघू" म्हणून आम्ही ते तिथं ठेवलं होतं. ज्या आम्ही दरवर्षी दुसऱ्यांच्या दारात जाऊन "मुलीला पाठवा, आम्ही बरोबर आहोत" असं सांगून सह्या घेतो, त्यांच्याच घरात हा कागद पडून होता. आम्ही तिथंच सही केली आणि सकाळी स्वतः तिच्या शाळेत नेऊन दिला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "सर, यादी काल गेली."

येत्या जूनमध्ये ती दहावीत जाईल. दहावीत मुलींना मैदानावर कोण पाठवतं, हे शिक्षक म्हणून आम्हाला चांगलं माहीत आहे.

म्हणून गणिताच्या सरांना आणि पी.टी.च्या सरांना आमचं एवढंच सांगणं आहे. टीव्हीवर काय आणि किती दाखवायचं ते पैसेवाले ठरवतात. त्यावर आपला जोर थोडाच चालतो. घरात कोणाचं पाहणं "फार" आणि कोणाचं "थोडं", हे मात्र आपण ठरवतो, आणि तिथं आपलं माप सारखं नसतं. शेकडो तास पाहायला आपण कुणाची परवानगी मागत नाही आणि मुलीला एक तास खेळायला मात्र संमतिपत्र लागतं.

आमच्या घरी आता थोडा बदल केला आहे. आठवड्याचे सामने रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून निवडायचे, आणि निवडायची पाळी प्रत्येकाची. मुलांच्या अम्मीची पाळी आली तेव्हा तिने सामना निवडलाच नाही, टीव्ही बंद ठेवायला सांगितलं. तेही मानलं. अजान झाली की चित्रासकट बंद. भाईजान अजून नाराज आहेत, पण येतात. मुलगी रोज संध्याकाळी सरावाला जाते आणि मगरिबच्या आत घरी येते. दहावीतही जाईल, असं आम्ही तिला सांगितलं आहे. तिने ऐकून घेतलं. विश्वास ठेवला की नाही, ते जूनमध्ये कळेल, इन्शाअल्लाह.

तुमच्या घरी रिमोट कोणाच्या हातात असतो, आणि फ्रिजवर कोणता कागद पडून आहे, तेवढं बघा आणि आम्हाला लिहून कळवा.