परोपकार आणि सरकारी काटकसर

निर्वासितांस आश्रय देणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांचें नांव निघालें कीं, आमच्याकडील कित्येक सुशिक्षितांस त्यांत धर्मांतराचें आमिष तेवढें दिसतें. या शंकेखोरांनीं एकवार कॅनडाकडे पाहावें. १९७९ च्या मार्चमध्यें मेनोनाइट पंथाच्या मध्यवर्ती समितीनें तेथील सरकाराशीं पहिला करार केला. व्हिएतनाम, कंबोडिया व लाओस येथून आलेल्या कुटुंबांचें घरभाडें, शिधा, हिंवाळी कपडे, मुलांची शाळा, नोकरीचा शोध, सारा भार वर्षभर मंडळ्यांनीं वाहिला. १९७९-८० मध्यें आलेल्या सुमारें ६०,००० निर्वासितांपैकीं निम्म्याहून अधिकांचे यजमान असे खासगी लोकच होते. उपकाराच्या ओझ्यानें कोणी प्रार्थनामंदिरांत जाऊन बसलाच नसेल, असें आम्ही म्हणत नाहीं. पण आलेल्यांतील कित्येक बौद्ध होते, ते बौद्धच राहिले.

आक्षेप घ्यावयाचाच तर तो सरकारवर घ्यावा. लोक एक आणतील तर आपण एक आणूं, असें १९७९ च्या जुलैमध्यें वचन देणाऱ्या सरकारानें, लोकांचा उत्साह अपेक्षेबाहेर गेलेला पाहतांच, डिसेंबरांत हात आंखडता घेतला. शेजाऱ्यानें पंगत वाढली म्हणून यजमानानें स्वतःची चूल विझवावी, त्यांतलाच हा न्याय! खासगी आश्रितांची संख्या सरकारी संख्येहून निराळी धरावी, ही मंडळ्यांची मागणी आजही चालूच आहे, आणि ती अगदीं रास्त आहे.