खाणीची मक्तेदारी जाऊन पेटंटची येऊ नये

हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज निर्माण करणाऱ्या इंधनघटातून धूर निघत नाही, पाणी निघते. तरीही हे साधन सर्वसामान्यांच्या आवाक्यात आलेले नाही. त्याचे एक मोठे कारण म्हणजे प्लॅटिनम. घटातील ऑक्सिजनची अभिक्रिया मुळातच मंद. तिला वेग देण्यासाठी उत्प्रेरक म्हणून हा महागडा धातू वापरावा लागतो. जगातील खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते. तेथील मारिकाना येथे १६ ऑगस्ट २०१२ रोजी वेतनवाढीसाठी संपावर असलेल्या ३४ खाणकामगारांना पोलिसांनी गोळ्या घालून ठार केले. प्लॅटिनमचा जमाखर्च मांडताना हे रक्त विसरता येणार नाही.

या धातूला पर्याय कार्बनमध्ये शोधला जात आहे. २००९ मध्ये लिमिंग डाय व त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिकांत नायट्रोजनचे अणू बसविले. नायट्रोजन शेजारच्या कार्बनकडील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो आणि तेथे ऑक्सिजनची अभिक्रिया सुलभ होते. अल्कधर्मी माध्यमात या नलिका प्लॅटिनमहूनही सरस ठरल्या. आम्लधर्मी माध्यमात मात्र लोहासारख्या धातूच्या अणूंची जोड द्यावी लागते, आणि असे उत्प्रेरक अद्याप प्लॅटिनमइतके टिकत नाहीत. म्हणूनच येथे दीर्घ पल्ल्याच्या, चिकाटीच्या संशोधनाची गरज आहे.

आपल्या सरकारचे धोरण काय सांगते? ४ जानेवारी २०२३ रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद झाली. त्यापैकी १७,४९० कोटी उद्योगांना प्रोत्साहन म्हणून. संशोधन व विकासासाठी अवघे ४०० कोटी, म्हणजे सुमारे दोन टक्के! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहभागातून साकारलेली इंधनघटावरील बस ऑगस्ट २०२२ मध्ये रस्त्यावर आली. सार्वजनिक प्रयोगशाळांच्या कुवतीचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

कार्बन कोणा एका देशाच्या भूगर्भात कोंडलेला नाही. पण तो घडविण्याची विद्या कोंडता येते. दुर्मिळतेवर खंड वसूल करणे हा भांडवलाचा स्वभाव आहे; खाण हातची गेली तर तो पेटंटमधून तोच खंड उकळील. जनतेच्या पैशातून निर्माण झालेले ज्ञान जनतेच्याच मालकीचे राहिले पाहिजे, आणि प्लॅटिनमची मागणी उद्या घटली तर खाणकामगारांच्या पर्यायी रोजगाराची हमीही आजच मागितली पाहिजे. या दोन अटी पाळल्या गेल्या नाहीत, तर ऊर्जा स्वच्छ होईल. व्यवस्था मात्र काळीच राहील.