जेद्दाह जवळ, मुंबई लांब!

मुंबई ते जेद्दाह हवाई अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. थेट विमान साधारण साडेपाच तासांत पोहोचतं. रत्नागिरी ते मुंबई रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे त्याच्या जेमतेम एक दशांश. पण उमराहला जाऊन आलेल्या कुठल्याही कोकणी कुटुंबाला विचारा. या दशांश अंतराला आठ-नऊ तास सहज लागतात. गणपतीच्या गर्दीत तर विचारूच नका.

तिकिटावरची वेळ पाहून अनेकांचा गोंधळ होतो. सौदीचं घड्याळ आपल्या मागे अडीच तास. सकाळी १० ला निघालेलं विमान तिथल्या दुपारी १ ला उतरतं. वाटतं तीन तासच लागले, लागतात साडेपाच. परतीला उलट, तिकिटावर प्रवास लांबलचक दिसतो. प्रत्यक्षात पश्चिमेकडून येणारे वारे पाठीशी असल्याने येताना बहुधा वेळ थोडा कमीच लागतो.

म्हणजे आकाशातला हिशेब बऱ्यापैकी पक्का आहे. बिघडतो तो जमिनीवर. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं, रस्त्याचा भरवसा नाही, म्हणून लोक एक दिवस आधीच घर सोडतात. मुंबईत लॉज किंवा नातेवाईकांचं घर, गाडीभाडं, जेवणखाण. हा खर्च उमराहच्या पॅकेजमध्ये कुठेच लिहिलेला नसतो. सोबत शुगरचे, गुडघेदुखीचे बुजुर्ग असतील तर त्यांचे हाल वेगळे. आखाती देशांत नोकरी करणाऱ्यांचंही तेच. महिन्याभराच्या सुट्टीतले दोन दिवस या वाटेतच जातात.

मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. मग मुदतीमागून मुदती गेल्या. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावतेय, पण रोहा-वीर हा टप्पा सोडला तर बहुतेक मार्ग अजून एकेरी. क्रॉसिंगला गाडी थांबली की थांबलीच.

डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, ही आपल्यासाठी चांगली बातमी. तो पनवेलजवळ असल्याने कोकणातून येणाऱ्याला अंधेरीपर्यंतची ट्रॅफिक टळते. मात्र सुरुवात देशांतर्गत विमानांनी झाली. जेद्दाह, दुबई, कुवेतची पुरेशी विमानं तिथून सुटली, तरच खरा फायदा.

त्यासाठी मागणी करावी लागेल. निवडणुकीत हात जोडून येणाऱ्यांना मोहल्ल्यातल्या गटारीसोबत हेही विचारा: महामार्ग कधी पूर्ण होणार, दुहेरी रूळ कधी पडणार, नवी मुंबईतून आखाताची किती विमानं सुटणार? जमातीने एकत्र बसून निवेदन दिलं तर उत्तम. हा प्रश्न फक्त आपला नाही, शेजारच्या चाकरमान्यांचाही आहे. त्यांनाही सोबत घ्या.

तोपर्यंत तिकीट काढताना विमानाची वेळ बघा, पण घरापासूनचे तास आधी मोजा.